दहापैकी तीन

आमच्या शाळेत दहावीच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, प्लायवुडचं पार्टिशन होतं. अलीकडे मी विज्ञान शिकवायचो, पलीकडे माझा मित्र साहित्य. एकवीस वर्षं मी त्याचा प्रत्येक तास ऐकला, इच्छा असो वा नसो. इकडे मी आम्ल आणि अल्कली समजावतोय, तर पलीकडून नायिकेचं एकाकीपण यायचं. मग मी डस्टर टेबलावर आपटायचो. तो आवाज चढवायचा. दोन्हीकडची पोरं खूश.

पोरांनी त्याचं नाव आशयसर ठेवलं होतं, कारण उतारा वाचून झाला की पुस्तक मिटून तो विचारायचा, "बोला, आशय काय?" मी बेडूक फाडून दाखवायचो, म्हणून मी बेडूकमास्तर. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा आमची हीच नावं रूढ झाली होती. मुख्याध्यापिकाबाई एकदा सूचनापत्रावर 'आशयसर' असं सहीशिक्क्यानिशी लिहून बसल्या होत्या.

माणूस शिकवायचा मात्र झकास. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. ज्या पोराला पुस्तक उलटं धरलंय की सुलटं हेही कळत नसे, तेसुद्धा त्याच्या तासाला मान वर करून ऐकायचं. त्याची एक शिकवण होती. "पात्र काय बोलतं ते सोडा. काय बोलायचं टाळतं ते शोधा. लेखक तीन वेळा दार आणतो, तेव्हा ते नुसतं दार नसतं."

"आमच्याकडे दार तीन वेळा वाजलं की दूधवाला असतो," मी म्हणायचो.

"म्हणूनच तुला बेडूक दिलेत," तो म्हणायचा.

माझं घर लांब, त्यामुळे शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझं जेवण त्याच्याकडे. शाळेमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पुस्तकं आणि आत वहिनी, अशी मी वाटणी सांगायचो, पण ती चुकीची होती. वहिनी बाहेरच्याच खोलीत असायच्या, खिडकीपाशी, टेबलावर कागद पसरून. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. हा येरझाऱ्या घालत उत्तरं सांगायचा, त्या लिहून घ्यायच्या. वर्गातलं कुणीतरी येऊन ती प्रत झेरॉक्सच्या दुकानात न्यायचं आणि दोन दिवसांत आशयसरांच्या नोट्स पाच-सहा शाळांत पोचायच्या. पुढे तो बोर्डाच्या समितीवर गेला, तेव्हा त्यातली बरीचशी उत्तरं नमुना उत्तरं म्हणून अधिकृतच झाली.

त्यातलं एक उत्तर फार गाजलं. शंभर वर्षांपूर्वीची एक जुनी कादंबरी अभ्यासक्रमाला होती. गरीब घर, पाच पोरं आणि त्यांची आई. ती रोज ताटातलं अर्धं अन्न पोरांपुढे सरकवते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एकच वाक्य येतं, 'त्या थंडीत आई गेली.' पुढे लेखक चकार शब्द काढत नाही. प्रश्न ठरलेला: 'अर्धं ताट' या प्रतीकाचा अर्थ स्पष्ट करा, गुण दहा. त्याचं उत्तर होतं, 'अर्धं ताट हे मातेच्या त्यागाचं प्रतीक आहे. ती अन्न सोडत नाही, ती स्वतःला सोडत जाते.' वाक्य देखणं आहे. माझंसुद्धा पाठ झालं होतं.

आता पुढचं लिहायला मला जड जातं, कारण त्यात मीही आहे.

त्या वर्षी शनिवारी जेवताना वहिनी अर्ध्या ताटावरून उठायला लागल्या. उरलेलं त्याच्या ताटात सरकवायच्या. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "बघ, कादंबरी चालत घरात आलीय." त्या हसायच्या, मीही हसायचो. प्रत्येक घासाला त्या पाणी पीत होत्या, ते मी पाहिलं. बोटातली अंगठी सैल झाली होती, ती पडू नये म्हणून त्यांनी तिला पांढरा दोरा गुंडाळला होता, तोही पाहिला.

"वहिनी, अंगठीला स्वेटर घातलात?" मी म्हणालो.

"तिला थंडी वाजते," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी वर्गात पचनसंस्थेचा तक्ता टांगला होता. घसा, अन्ननलिका, जठर. छडी टेकवून मी सांगत होतो की घास इथून खाली उतरतो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय दाखवायला हवं होतं, हे मला आजही कळत नाही. मला माझी लाज वाटते.

सहामाहीच्या आधी पलीकडच्या वर्गात ते प्रकरण चाललं होतं. अर्ध्या ताटाचा अर्थ सांगून झाला आणि मागच्या बाकावरून एक आवाज आला. ही मुलगी फार प्रश्न विचारायची, म्हणून तो तिला शंकेखोर म्हणायचा. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती.

"सर, ती आजारी असेल," मुलगी म्हणाली.

"कोण?"

"आई. पुस्तकातली. तिला गिळता येत नसेल. चौथ्या प्रकरणात ती घासाघासाला पाणी पिते. सहाव्यात तिची अंगठी बोटातून निसटून पिठात पडते."

"अंगठी म्हणजे सैल होत चाललेली नाती. लिहून दिलंय मी."

"हो सर. पण बोटच बारीक झालं असेल तर?"

मग त्याचा तो मिश्कील आवाज आला. "असं करू, तुझ्या आईला सांग. पात्राला तपासायला घरी येतात का विचार."

वर्ग खो खो हसला. पार्टिशनच्या अलीकडे माझा वर्ग हसला आणि मीही हसलो. पण मुलगी हट्टी होती. सहामाहीच्या पेपरात तिनं तेच लिहिलं, प्रकरणांचे आकडे देऊन. त्यानं दहापैकी तीन गुण दिले आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'कल्पनाविलास. नोट्स वाचाव्यात.' तो पेपर त्यानं मला कौतुकानं दाखवला होता. पोरगी हुशार आहे पण वाहवत जाते, असं त्याचं म्हणणं होतं.

पोरांची बोर्डाची परीक्षा संपली त्या आठवड्यात वहिनींना चक्कर आली. तेव्हा कुठे त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "गिळायचा त्रास कधीपासून आहे?" त्यानं वहिनींकडे पाहिलं. उत्तर वहिनींनीच दिलं. "झालं असेल वर्ष."

अन्ननलिकेचा कॅन्सर होता, बराच पुढे गेलेला. वर्षभर आधी आला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. पुढे चार महिने सगळं नळीतून चाललं. ज्या बाईनं हजारो पानं लिहून दिली, तिला शेवटी काही हवं असेल तर पाटीवर लिहावं लागायचं. अक्षर तेव्हाही तसंच होतं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसून त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी बोर्डासाठी अर्ध्या ताटाचं उत्तर पक्कं लिहून काढताना वहिनींनी पेन थांबवून विचारलं होतं, "अहो, ही बाई मरते कशानं?"

"त्यागानं," तो म्हणाला होता.

"त्यागानं कुणी मरतं का," असं म्हणून वहिनी हसल्या होत्या आणि त्यांनी पुढचं वाक्य लिहायला घेतलं होतं.

"ती मला विचारत होती रे," तो म्हणाला. "आणि मी पुढचा मुद्दा सांगितला." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनी गेल्या. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेवर. नव्या वर्गाला तो नेहमीसारखा शिकवू लागला, फक्त 'आशय काय' विचारेनासा झाला. पोरांनी नाव बदललं नाही. दोन महिन्यांनी तेच प्रकरण आलं. मी पलीकडे कान लावून होतो, हे कबूल करतो. 'तिने ताट पुढे सरकवले आणि' इथपर्यंत तो वाचत आला. पुढचं वाक्य आलंच नाही. मग त्याच्या वर्गाचं दार वाजलं आणि तो व्हरांड्यातून सामानाच्या खोलीकडे जाताना दिसला.

जुने पेपर आमच्याकडे तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. मी गेलो तेव्हा तो धुळीत फतकल मारून बसला होता, मांडीवर गठ्ठा. मुलीचा पेपर त्यानं शोधून काढला होता. खिशातून लाल पेन काढून त्यानं तीनवर काट मारली, वर दहा लिहिले, खाली सही आणि तारीख.

"रविवारी माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. "एकट्यानं जायची हिंमत नाही."

मी म्हणालो, "अरे, सहामाहीचा निकाल लागून वर्ष होत आलं. त्या गुणांचं ती आता काय करणार?"

"तिनं काय करायचं ते ती बघेल. मला द्यायचेत."

रविवारी दुपारी आम्ही नर्सबाईंकडे गेलो. मुलगी आता अकरावीत होती, उंच झाली होती. आम्हाला बघून ती घाबरली, जुने शिक्षक घरी आले की मुलं घाबरतातच. चहा आला. त्यानं पिशवीतून पेपर काढून तिच्यापुढे ठेवला.

"तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो. वर्गात हसलो, तेही चुकलं."

तिनं पेपर उलटसुलट करून पाहिला. "सर, असू द्या. बोर्डाच्या परीक्षेत मी तुमचंच उत्तर लिहिलं. पूर्ण गुण मिळाले."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता उठेल. पण तो उठला नाही. त्यानं कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "मला एकच सांग. शंभर वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुला कसं दिसलं?"

तिनं आईकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "सांग. आता सांगून टाक."

"नोट्स झेरॉक्सला न्यायला मी यायचे ना सर, तुमच्या घरी," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही नसायचात. काकू मला बसवायच्या आणि जेवता जेवता शेवटचं पान संपवायच्या. एका घासाला तीनदा पाणी. अंगठीला दोरा होता. मी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, त्यांना लगेच दवाखान्यात न्यायला हवं, घरच्यांना सांग. काकूंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, सरांना सांगू नकोस, त्यांची बोर्डाची कामं चाललीत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं मान वर केली. रागाचा मागमूस नव्हता, खरंच नवल वाटलं होतं तिला. "सांगितलं की सर," ती म्हणाली. "वर्गात."

नर्सबाईंनी उगाच कप गोळा केले. तो पेपरावरच्या दहाच्या आकड्याकडे बघत होता. पात्र काय बोलायचं टाळतं ते शोधा, असं ज्यानं हजारो पोरांना शिकवलं, त्याच्यापुढे एक पोर उभं राहून पुस्तकाआडून त्याच्याच बायकोचा जीव मागत होतं. त्याला ते कळलं नव्हतं. मलाही नाही, पण मला बेडूकच दिले होते.

निघताना मुलगी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. तिला काही बोलायचं असावं, पण तिनं नुसती त्याची राहिलेली छत्री दिली. त्याच्या इमारतीपाशी पोचल्यावर मी म्हणालो, "वर येऊ का?" त्यानं नको अशी मान हलवली आणि एकेक पायरी थांबत वर गेला.

सोमवारी दुसऱ्या तासाला त्यानं ते प्रकरण पुन्हा उघडलं. मी माझ्या वर्गाला आकृती काढायला लावून पार्टिशनपाशी उभा राहिलो. त्यानं ताटाचं वाक्य या वेळी शेवटपर्यंत वाचलं. अंगठीचं वाचलं. 'त्या थंडीत आई गेली' हेही वाचलं. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"कुणाला काही शंका?" त्यानं विचारलं.

तो थांबला. एरवी तीन मोजेपर्यंत थांबायचा आणि पुढे जायचा. त्या दिवशी तो थांबूनच राहिला. "काहीही विचारा," तो म्हणाला. "चुकीचं असलं तरी चालेल. मी हसणार नाही."

माझ्या वर्गातल्या पेन्सिली थांबल्या. पलीकडे कुणीतरी खोकलं, कुणाच्या तरी कंपासपेटीचं झाकण पडलं. घंटा होईपर्यंत तो तसाच वाट बघत उभा होता. हात एकही वर झाला नाही. उत्तर सगळ्यांकडे होतं, झेरॉक्स काढलेलं, वहिनींच्या अक्षरात.