झडपेचा मास्क

"काका, टीबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी आधी मागे उभ्या असलेल्या वैशालीकडे पाहिलं. माझ्या मुलीला सातवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी ती लासलगावला माहेरी आली, तेव्हापासून मी तिच्यासमोर बसून खोकत होतो.

तो खोकला मी मनावर घेतलाच नव्हता. माझा कांद्याचा व्यापार. ट्रॉली ओतली की फोलपटं उडतात, सगळा बाजार खोकतो. वजन उतरलं तरी मी कांद्यालाच दोष देत राहिलो. शेवटी वैशालीनेच मला नाशिकला ओढून आणलं. एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले.

गोळ्या सुरू झाल्या. जावई इगतपुरीला रेल्वेत, तिथे घरात दुसरं कुणी नाही. म्हणून वैशाली आमच्याकडेच राहिली. माझी खाट पडवीत गेली.

वैशालीने मेडिकलमधला सगळ्यात भारी मास्क आणला. एन-९५, जाडजूड, पुढे प्लॅस्टिकची गोल झडप. "आजारी तुम्ही, चांगला मास्क तुम्हाला," ती म्हणाली. स्वतः तिने पातळ निळा सर्जिकल मास्क लावला. बायकोने पदर घेतला. आमच्याकडे रीतच तशी, तूप असो की पंखा, आजाऱ्याला आधी. भारी मास्क आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो आणि चहाला पुन्हा वैशालीशेजारी बसू लागलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा आवाजच चढला. "हा कुणी दिला? श्वास सोडताना ही झडप उघडते. आत येणारी हवा गाळली जाते, बाहेर जाणारी तशीच जाते. समोर बसलेल्या मुलीच्या नाकात!"

मी वैशालीशेजारून उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

त्यांनी मग आम्हाला नीट समजावलं. तुमच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. आजाऱ्याने साधा सर्जिकल मास्क लावायचा. खोकल्याचे तुषार तो तोंडाशीच अडवतो. पण तो बाजूने सैल असतो, म्हणून शेजारच्याला तो पुरत नाही. शेजारच्याला बिनझडपेचा एन-९५ हवा, चेहऱ्याला घट्ट बसलेला. पदर, रुमाल यांच्यावर विसंबायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या. आणि एन-९५ धुवायचा नाही, धुतला की त्याची गाळण बिघडते.

"न धुता परत तोंडाला लावायचा? मला लय किळस येते," बायको म्हणाली. तिच्या नव्या एन-९५चा वरचा पट्टा अंबाड्यावरून सारखा घसरायचा. शेवटी तिने अंबाडा सोडून वेणी घातली.

वैशालीची मांटू टेस्ट झाली. म्हणजे हातावर कातडीखाली सुई देतात आणि दोन दिवसांनी तिथे गाठ उठली का ते बघतात; उठली तर टीबीचे जंतू अंगात शिरले असं समजतात.

"हात खाजतो का गं?" मी पडवीतून विचारायचो.

"पप्पा, तुम्ही विचारलं की खाजतो."

गाठ उठली नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या लवकर कळेलच असं नाही. काही आठवड्यांनी परत बघू." ते आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. मुलीला आणि पोटातल्या जिवाला मीच रोग दिला, हा विचार डोक्यातून जाईना.

दुसऱ्यांदाही हात स्वच्छ निघाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो, चारचौघांत.

मुलगा झाला. माझी थुंकी तोवर साफ आली होती, मास्कची गरज नाही असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मला धीर होईना. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत मी नातवाला मास्क लावूनच घेतलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, पण हे एवढं त्यांचं ऐकलं नाही.

कोर्स संपला त्या दिवशी मास्क काढून मी पाळण्यावर वाकलो. नातवाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याचा आजोबा निळ्या तोंडाचा होता, हा कोण मिशीवाला?

वैशालीने मास्क पुढे केला. मी मान हलवली आणि त्याला तसंच, रडतानाच, छातीशी धरलं.