समोरून येणारा वाघ

अक्षर माझं वेडंवाकडं आहे आणि वेलांट्या नेहमीच चुकतात. चौथीनंतर हातात पाटी आली नाही, खराटाच आला. हे कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं. पेंटरभाऊंबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून बसले.

पेंटरभाऊ नव्या माणसाला नमस्कार करायचे नाहीत. सरळ त्याच्या नाकासमोर मूठ धरायचे. माणूस दचकून मागं सरला की विचारायचे, "काय दिसते? मूठच ना? मंग माझा एवढा लांब हात कुठी गेला?" घुग्घुसच्या टपरीवर खाणीतले ड्युटीवाले त्यांना लांबूनच पाहून ओरडायचे, "दिसला भाऊ, हात दिसला! चहा घ्या आता."

दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती, ट्रकचे मागचे फाळके, असं त्यांचं काम. मी त्यांच्याकडे मजुरीला होते. भिंत खरवडायची, धुवायची, आणि सरळ रेघ मारायला गेरूत भिजवलेल्या दोरीचं एक टोक धरायचं. मला बोलायची लाज वाटे, ते त्यांना फार सोयीचं होतं. दोघांच्या वाटचं तेच बोलायचे. "बाई, तुले वाटते हा भाऊ पागल हाय. वाटते ना? मलेबी वाटते," आणि आपणच हसायचे.

दुपारी डबा खाऊन झाला की सावलीत माझ्याकडे तळवे करून आडवे व्हायचे. "राग नको मानू, पाय दाखवून राह्यलो. आता पाह्य अन् सांग, मी केवढा हाय?" मी पदर तोंडाला लावून पाहायची. पुढं ताटाएवढे दोन तळवे, मागं पोटाचा उंचवटा, त्याच्या मागून नाकाचा शेंडा. बाकीचा माणूस गायब! मग उठून ते कोळशानं तसंच फरशीवर काढायचे. "जो आडवा जाते त्याले लांब काढा लागते. जो आपल्याकडे येते त्याले आखडून काढा लागते. आखूड दिसला म्हणजे समज, येऊन राह्यला." हे त्यांना कोणी शिकवलं ते ठाऊक नाही. गाय मात्र त्यांना जन्मभर जमली नाही. दूधवाल्याच्या पाटीवर काढली, तिला सगळं गाव बकरी म्हणायचं.

एकदा वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टवाल्या शेठनं त्याच्या फाटकाजवळच्या लांब भिंतीवर वाघ काढायला सांगितला. भाव वाघाच्या लांबीवर, फुटाप्रमाणे. इसाराचे पैसे आधीच दिले होते, आणि भाऊंनी ते रंगात आणि मुलीच्या घरावरच्या पत्र्यात घालवलेही होते. दुसऱ्या कोणत्याही पेंटरनं नाकापासून शेपटीपर्यंत भिंतभर वाघ ताणला असता. भाऊंनी काढला समोरून चालत येणारा. सुपाएवढा एक पंजा पुढं, त्यावर तोंड, मागं खांद्यांचा नुसता फुगवटा. मागचे पाय नाहीत, शेपूट नाही. दोन्ही बाजूंना गवतच गवत.

शेठनं टेप लावून पाहिली. "चार फूट? अन् शेपूट कुठी हाय?"

"मांगं हाय ना शेठ," भाऊ म्हणाले. "तो तुमच्या बाजूनं निघून गेला की दिसन."

"गिऱ्हाइकाले पूर्ण पट्टे पाह्यजेत. आडवा काढ, नाईतर इसार वापस कर. मी पांढरा रंग मारतो याच्यावर."

भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, आता तूच सांग."

मी शेठच्या पायांकडे पाहिलं. टेप गुंडाळून तो वाघाच्या समोरून बाजूला सरकला होता. तोंडातून निघूनच गेलं, "शेठ, तुमीबी त्याच्यापासून दूरच उभे हाय ना."

शेठ खूप हसला. पण हसून काही शेपूट उगवत नाही. शेवटी ठरलं की भाऊंनी इसार हप्त्यानं परत करायचा. सगळा फिटला की वाघ भाऊंचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. मध्येच हप्ते थांबले तर भिंतीला पांढरा रंग.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "आडवा काढून टाकला असता तं काय बिघडलं असतं?"

"आडवा वाघ कॅलेंडरावरबी रायते, बाई. हा एकटाच माझ्याकडे पाहून आला."

त्यानंतर भाऊंनी किती फाळके रंगवले, किती गायी बकरीसारख्या काढल्या! हप्ता द्यायला मोहर्लीला गेलो की ते आधी वाघाला भेटायचे, मग शेठला.

या उन्हाळ्यात ते गडचांदूरला मुलीकडे गेले आणि तिथंच वारले. शेवटचा हप्ता राहिला होता. मुलगी म्हणाली, "बाबाच नाई राह्यले, आता कायचा हप्ता?" तिचंही बरोबर होतं. मी माझ्या मजुरीतून पैसे जमवले आणि एकटीच मोहर्लीला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये सारखं मनात घोकत होते.

शेठनं ऐकलं आणि हात मागं घेतला. "राहू दे बाई. माणूसच गेला. माफ केलं मी."

"माफ नका करू शेठ. माफ केलं तं भिंत तुमचीच राह्यते. घ्या."

त्यानं हात पुढं केला. मग त्यानं नोटा घेतल्या, मोजल्या आणि म्हणाला, "पूर्ण झाले."