आईचा इंग्रजीचा तास

आई शाळेत इंग्रजी शिकवायची. हल्ली ती मला ओळखत नाही. काल माझी लेक तिच्यापाशी नामांचे प्रकार घेऊन बसली.

"टीम?"

"कलेक्टिव्ह नाऊन."

"ऑनेस्टी?"

"अ‍ॅबस्ट्रॅक्ट. पाठ सरळ ठेव."

लेकीने हळूच माझं नाव घातलं. "आणि सुधीर?"

"प्रॉपर नाऊन. एस कॅपिटल काढ."

"पण आजी, हा सुधीर कोण?"

"ते व्याकरणात येत नाही."

नाव शाबूत राहतं, मग त्यातला माणूस कुठे जातो? मी महिनोन् महिने आईकडे फिरकलो नाही, म्हणून गेला का?

तेवढ्यात आई माझ्याकडे वळली. "तुम्ही पालक ना? मुलगी हुशार आहे. घरी लक्ष देत जा."

"हो, बाई," मी म्हणालो. 'आई' का म्हणालो नाही, अजून कळत नाही.