बन्सीचे हजार तास

बन्सी हे नाव आजकाल सत्तरीच्या आतल्या माणसाला शोभत नाही. आमचा बन्सी सव्वीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला आहे, आणि त्यानं ऑफिसात फोन उचलून नाव सांगितलं की पलीकडचा माणूस हमखास म्हणतो, "काका, जरा तुमच्या इंजिनिअरला देता का?" नाव आजोबांचं. आजोबा गेले त्याच आठवड्यात हा जन्मला, म्हणून घरच्यांनी नाव वाया जाऊ दिलं नाही.

वाया जाऊ न देणं हा त्या घरचा धर्मच. घर पिशोरचं. तिथं लाईट पाहुण्यासारखी येते, किती वेळ थांबणार ते विचारायचं नसतं. लाईट आली की बन्सीची आई मनकर्णाबाई मळलेली कणीक तशीच टाकून आधी मोटार चालू करणार, मग मिक्सर, मग सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला. "लाईट हाय तवर उरकून घ्या" हे बन्सीनं पाळण्यातल्या गाण्याआधी ऐकलेलं असणार.

शाळेत असताना त्याची कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा होती. पान संपत आलं, लाईट गेली, पानही गेलं, आणि बन्सी नापास झाला. तेव्हापासून तो एक ओळ लिहिली की सेव्ह करतो. पुढं पुढं एका शब्दाला एकदा. त्याच्या कीबोर्डवरचं सेव्ह करायचं एस अक्षर पार पुसून गेलंय. मी एकदा म्हणालो, "बन्सी, तू शिंक आली तरी सेव्ह करशील." तो म्हणाला, "करतोच की."

आम्ही चौघं जण चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रत्नमाला मॅडमच्या शेडमध्ये काम करतो. मॅडम केळी पिकवायच्या खोल्यांसाठी कंट्रोलचा डबा बनवतात. डब्यात हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर असतो. खोली तापली की तो थंडीचं मशीन चालू करतो, गार झाली की बंद करतो. मी वायरी जोडतो आणि बन्सी डब्याला अक्कल देतो. ही वाटणी अर्थात बन्सीनंच केलेली आहे.

पुण्याच्या एका कंपनीला असे दोनशे डबे हवे होते, पण अट घालून. एक डबा खेड्यात बसवायचा आणि तो एकूण हजार तास चालवून दाखवायचा. लाईट गेलेला वेळ धरायचा नाही. डबा जेवढा वेळ खरोखर जागा होता तेवढाच धरायचा, आणि तो हिशेब डब्यानं स्वतः ठेवून स्वतःच्या तोंडानं सांगायचा.

इथंच मेख होती. कॉम्प्युटरला आपण किती वेळ चालू आहोत हे पक्कं ठाऊक असतं, पण एकदा बंद होऊन उठला की तो पुन्हा शून्यापासून मोजतो. आमच्या सिल्लोडला एक मास्तर होते, ते दर सोमवारी "आज नव्यानं सुरुवात करू" म्हणून पहिलाच धडा काढायचे. तसंच. यावर उपाय सोपा. चालता चालता आकडा मेमरी कार्डावर लिहून ठेवायचा, आणि उठल्यावर तो वाचून त्यापुढं मोजायचं. मॅडम म्हणाल्या, "दहा मिनिटांनी एकदा लिही. लाईट गेली तर फार तर दहा मिनिटं बुडतील. बुडू देत." बन्सी "हो मॅडम" म्हणाला.

डबा पास झाला तर बन्सी कायम. नापास झाला तर मॅडम हे कामच बंद करणार, आणि मग बन्सीला ठेवून घेण्यासारखं काही उरणार नाही, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. आणि बन्सीनं काय केलं? नोकरी कायम झालीच असं धरून मुकुंदवाडीत स्टेशनच्या अंगाला खोली घेतली, म्हैस विकली, पिशोरचं बिऱ्हाड मोडलं आणि आईला घेऊन आला. मी म्हणालो, "अबे, आधी कायम तर हो." तर म्हणे, "म्हशीला गिऱ्हाईक आलं होतं. परत आलं नसतं तर?"

डबा बसवला सोयगावला, दगडाबाईंच्या केळीच्या खोलीत. दगडाबाई साठीच्या, आणि आवाज असा की फोन लावला नाही तरी चाललं असतं. सोयगावची लाईट पिशोरच्या लाईटची सख्खी बहीण. ती जायची, यायची, डबा उठायचा आणि जिथं होता तिथून पुढं मोजायचा. मॅडम खूश होत्या. आकडा नऊशेच्या वर गेला. पुण्याचे ऋतुराज साहेब सोमवारी तो बघायला येणार असं ठरलं, आणि शनिवारी सकाळी दगडाबाईंचा फोन आला.

"आरं बन्सी, तुझा डबा गेला!"

"कुठं गेला, मावशी?"

"वर गेला! लाईट गेली, आली, पर ह्यो काय उठना. मपली केळी तापायली ना आत!"

बन्सी खुर्चीवरून उठून उभा राहिला. तरी आवाज त्यानं सांभाळला. "मावशी, भिंतीवरचं हिरवं बटन दाबा. मशीन डब्याशिवाय चालंल. तुमची केळी जात नाहीत."

"आन तुझं?"

त्यानं फोन ठेवला आणि एक नवं कार्ड खिशात टाकलं.

माझ्या गाडीवर निघालो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. सिल्लोडला मी चहाचं विचारलं. एरवी फुकटच्या चहाला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. पण बन्सी म्हणाला, "नको. चालव." अजिंठ्याचा घाट उतरताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. वळण नसलं तरी तो हात आवळत होता. मी जोक मारायचा प्रयत्न केला, म्हणालो, "डब्याला नजर लागली असंल, लिंबू बांधू." बन्सी गप्प असला की मला गाडीत काहीतरी बिघाड झाल्यासारखं वाटतं.

खोलीत डबा भिंतीवर होता. लाल दिवा लागलेला, आणि डब्याचा आकडे दाखवणारा पडदा काळा. बन्सीनं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपनं ते ओळखलंच नाही. पुसून लावलं. उलटंसुलटं बघून लावलं. फुंकर मारून लावलं. शेवटी कपाळाला लावून लावलं. काही नाही. मग खिशातलं नवं कार्ड काढलं, त्यावर प्रोग्रॅम भरला आणि डब्यात घातलं. मिनिटभरानं डबा गुमान उठला. पडद्यावर तापमान आलं, आणि खाली एकूण तास: शून्य.

"डबा चांगला आहे," मी म्हणालो. "कार्डच मेलं. पण तेही नवं कोरंच घातलं होतं, मग मरतं कसं?"

बन्सी लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडून बसला. वरून खाली गेला. एका ओळीवर थांबला. मी वाकून बघितलं. किती सेकंदांनी लिहायचं, तिथं त्यानं आकडा टाकला होता: एक.

"सेकंदाला?" मी म्हणालो. "मॅडमनी दहा मिनिटं सांगितली होती ना बे!"

"दहा मिनिटं बुडली असती," तो म्हणाला. आवाज कसला तो, श्वासच.

मेमरी कार्डाचं असं असतं, त्यावर लिहायला-खोडायला मर्यादा असते. पाटीवर थुंकी लावून एकाच जागी पुसत राहिलं की पाटी झिजते ना, तसं ते आतून झिजतं. आणि आमचं कार्ड स्वस्तातलं. बन्सीनं एक सेकंदसुद्धा वाया जाऊ नये म्हणून दर सेकंदाला त्यावर लिहिलं, आणि सगळेच तास घालवले. नऊशे तास डबा आपलं वय मोजत बसला आणि त्या मोजण्यानंच गेला. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसून लोळलो असतो.

दगडाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी डब्याचं सारं बरं हाय, फक्त आकडा गेला?"

"व्हय."

"आन आकडा कोण टाकतं? तूच ना? मंग टाक की! परवाच्याला मी बघितला व्हता, नऊशे आन वरी काईतरी. टाक, आन पुढं चालू दे. इचारलं तर मी सांगंन, चालूच व्हता म्हणून. म्या कुठं कुणाला भेते?"

मला ते लगेच पटलं. खोटं तरी कुठं होतं? डबा तेवढा चाललाच होता. सोमवारी हजाराच्या जवळ आकडा दिसला असता, ऋतुराज साहेबांनी सही केली असती. मी म्हणालो, "बन्सी, टाक. लिहायचं दहा मिनिटांवर कर, आणि टाक."

त्यानं एकाच्या जागी सहाशे सेकंद केले. मग तासांच्या जागी अंदाजानं आकडा टाईप केला. नऊशे एकोणपन्नास. बोट एंटरवर ठेवलं. दगडाबाई पुढं सरकल्या. आत थंडीचं मशीन घरघरत होतं आणि बन्सीच्या कानामागून घाम निघाला होता, त्या गार खोलीत.

बोट खाली गेलंच नाही.

"दाब ना बाबा," मी म्हणालो. "काय मुहूर्त काढायलास?"

"हे कार्ड कशावरून टिकंल?" तो म्हणाला.

"दहा मिनिटांनी लिहिल्यावर टिकंल की."

"तू बघितलंस? मी पण नाय बघितलं. हजार तास चालवायचं ते ह्याच्यासाठीच ना. मी आकडा टाकला तर साहेबाला दिसंल, पण मला कुठं दिसंल? दोनशे डबे जातील दोनशे गावांत. अजून कशानं मरणार असले तर सगळे एकाच महिन्यात मरतील. मंग कुठंकुठं जाऊ गाडीवर?"

"आरं पर तुझी नोकरी!" दगडाबाई ओरडल्या. कानात दडे बसले.

बन्सीनं आकडा खोडला आणि मॅडमना फोन लावला. तोही स्पीकरवर, म्हणजे मला दूर जायची सोय नाही. सगळं सांगितलं. कार्ड, सेकंद, शून्य.

"मी तुला किती सांगितलं होतं?" मॅडम म्हणाल्या.

"दहा मिनिटं."

"आणि तू हो म्हणाला होतास."

"व्हय मॅडम."

"सोमवारी मी येते," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मॅडम शांत झाल्या की आमच्याकडं कुणाची तरी नोकरी जाते, हा अनुभव आहे.

दोन दिवस बन्सी तिथंच, दगडाबाईंच्या पडवीत राहिला. दगडाबाईंनी त्याला जेवू घातलं आणि प्रत्येक घासाला बोल लावला. "आकडा टाकला आसता तर आज गोड जेवला आसता."

सोमवारी मी मॅडमना त्यांच्या कारमधून घेऊन गेलो. ऋतुराज साहेब पुण्याहून आले. आमच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे, बोलणं कमी, आणि बूट असे की केळीच्या खोलीत पाय कुठं ठेवावा याची त्यांनाच काळजी. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. चाळीस-बेचाळीस तास दिसत होते.

"नऊशे कुठं गेले?"

बन्सीनं मेलेलं कार्ड तळहातावर ठेवून पुढं केलं. "ह्यात आहेत सर. पण हे आता बोलत नाही."

"चूक कुणाची?"

मॅडमनी तोंड उघडलं होतं, पण बन्सी आधी बोलला. "माझी. मॅडमनी दहा मिनिटं सांगितली होती. मी सेकंदाला लिहिलं."

"सेकंदाला? का?"

"लाईट जाईल म्हणून."

साहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. पुण्याच्या माणसाला पिशोरची लाईट सांगायची तरी कशी? साहेब डब्याजवळ गेले, आकडा तोंडातल्या तोंडात वाचला, आणि कुणाला काही न विचारता मेन स्विच खाली ओढला.

खोली अंधारली. मशीन थांबलं. दगडाबाईंनी "ओ साहेब, केळी!" म्हणून घेतलं. साहेब घड्याळ बघत राहिले. मग त्यांनी स्विच वर केला. मिनिटभर पडदा काळाच. मॅडमनी पर्सचा पट्टा मुठीत घेतला. मी डब्याकडं न बघता बन्सीकडं बघत होतो. त्याचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होता की सेकंद मोजत होता, कोण जाणे.

पडदा उजळला. तास आले. साहेब वाकले. "बंद केला तेव्हापेक्षा सहा मिनिटं कमी दाखवतोय."

"व्हय सर," बन्सी म्हणाला. "तेवढी बुडली. तेवढी बुडणारच."

साहेबांनी आणखी तीनदा स्विच ओढला. तिन्ही वेळा डबा उठला, आणि तिन्ही वेळा थोडी मिनिटं खाऊन पुढं मोजू लागला. दर वेळी बन्सी बुडालेली मिनिटं बोटांवर मोजायचा. पण तो जागचा हलला नाही.

"ऑर्डर आज देता येत नाही," साहेब मॅडमना म्हणाले. "हे हजार पूर्ण करा. मग मी येतो. पण या वेळी अडकलं तर बोलावू नका."

ते गेल्यावर मॅडम बन्सीसमोर उभ्या राहिल्या. "हजार होईपर्यंत तू आहेस," त्या म्हणाल्या. "पुढचं हजार झाल्यावर."

संध्याकाळी मी त्याला मुकुंदवाडीला सोडायला गेलो. खोलीचं दार उघडं होतं. शनिवारी बन्सीनं फोनवर मनकर्णाबाईंना किती सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण मांडणी रिकामी होती. भांडी पोत्यात, अंथरूण दोरीनं बांधलेलं, आणि त्या गाठोड्यावर बसून त्या डाळ निवडत होत्या.

"आय, हे काय?" बन्सी म्हणाला. "सोड ते. नोकरी हाय."

"कायम?"

"हजार तास हाय."

मनकर्णाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग उठल्या, पोत्याची गाठ सोडली आणि तवा, कढई, दोन ताटं बाहेर काढली. अंथरुणाची दोरी ढिली केली. पोतं पुन्हा बांधून कोपऱ्यात सरकवलं.

"बाकीचं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हजार व्हऊ दे आधी. च्या घेतो का?"

या वेळी बन्सी हो म्हणाला.