हिवराखालची जागा

चंद्रभागाबाईच्या तोंडाला अख्खी वस्ती वचकून असे. निम्मं आयुष्य ऊस तोडण्यात गेलेलं. मुकादमालाही तिने कधी भीक घातली नाही. नवरा रामहरी मात्र तिच्यापुढे मूग गिळून बसायचा. लोक म्हणत, बिचारा गरीब गाय आहे. त्या गरीबपणाचाच चंद्रभागाबाईला संताप यायचा.

एका रविवारी लेक मंजुषा दोघांना बीडचं नवं उद्यान दाखवायला घेऊन गेली. पालीच्या वाटेवरची अख्खी टेकडी त्यात घेतलेली. आखीव पायवाटा, हिरवळ, बाकडी, झोके. फाटकातून आत शिरताच खालच्या रस्त्याचं वळण दिसलं आणि चंद्रभागाबाई थबकली. हिरवळ नवी होती, टेकडी जुनीच होती.

मंजुषाच्या आधीची मंगल इथेच पुरलेली. माजलगावकडची तोडणी उरकून परत येताना ट्रॅक्टरातच त्या तान्ह्या पोरीने जीव सोडला. मुकादमाने याच वळणावर ट्रॅक्टर थांबवला. आईने मातीला जायचं नाही, असा रिवाज. रामहरी लेकरू घेऊन, मुकादम कुदळ घेऊन टेकडी चढले आणि चंद्रभागाबाई खाली बोचक्यांवर बसून राहिली. परत आल्यावर रामहरी एवढंच म्हणाला, हिवराच्या झाडाखाली ठेवली. पुढे तिने किती वेळा विचारलं, किती भांडणं केली, पण त्याने तिला इकडे कधी आणलं नाही.

तिने त्याचं मनगट धरलं.

"कुठं हाय, दाखवा."

मंजुषा कानाशी लागली, लोक बघतायत म्हणाली. चंद्रभागाबाईने तिला झिडकारलं. पायवाटेवर पांढऱ्या बुटांची माणसं झपझप चालत होती. एका बाईने त्यांना डाव्या कडेने चालायला सांगितलं, तेव्हा चंद्रभागाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या लेकीच्या अंगावरून चालता आणि मलाच वाट शिकवता, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

रामहरी एका हिवरापाशी थांबला. इथंच, म्हणाला. ती खाली बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. चार बोटं खाली अखंड खडक. दुसऱ्या अंगाला उकरलं, तिथेही खडक.

"हितं कुदळ चालंल का?"

मग तिकडं असंल, असं पुटपुटत रामहरीने झोक्यांकडे हात केला. तिकडे हिवर काय, बाभूळही नव्हती. चंद्रभागाबाई सावकाश उठली.

"तुमी वर गेलता का न्हाई?"

रामहरीने मान खाली घातली.

"अर्ध्यातून माघारी फिरलो. बघवंना मला. लेकरू मुकादमाच्या हातात दिलं. हिवर त्यानंच सांगितला."

मुकादम मरून किती तरी वर्षं झाली होती.

"मूठमाती बी दिली न्हाई?"

त्याने मान हलवली. तिला जायची बंदी म्हणून ती दात आवळून बसून राहिली होती, आणि ज्याला कोणी अडवलं नव्हतं तो पाठ फिरवून आला होता. वर इतकी वर्षं गरीब गाय म्हणून मिरवला. त्या घटकेला तिला त्याचं तोंडसुद्धा बघवेना. मंजुषा रडायला लागली होती; तिला उगी करायचंही चंद्रभागाबाईला सुचलं नाही.

तिने उकरलेली माती उचलली आणि रामहरीच्या तळहातावर दाबून दिली.

"ही टाकल्याबिगर घरी येऊ नगा."

"कुठं टाकू?"

"तुमीच हुडका. मी लई हुडकलं."

लेकीचा हात धरून ती फाटकाकडे चालू लागली. रामहरी पायवाटेच्या मधोमध मूठ आवळून उभा राहिला आणि चालणारी माणसं त्याला वळसा घालून जात राहिली.