आधी दोर टाक

कौसा विहिरीत होती, मोटारीच्या पाइपाला धरून. कासरा माझ्या हातात होता आणि मी तो खाली टाकत नव्हते.

कौसा माझी धाकटी जाऊ. माझ्या पोरीला फिट येतात, असं खोटं सांगून तिनं ठरलेली सोयरीक मोडली होती. त्या दिवशी लाइट नव्हती म्हणून बादलीनं पाणी शेंदायला आली आणि पाय घसरला. मी शेजारीच गाय बांधत होते. किती वेळ नुसती उभी राहिले, माहीत नाही. थोडाच असेल. पण राहिले.

मागून आवाज आला, "गयाबाई, आधी दोर टाक. भांडण वर आल्यावर कर. मी थांबते ऐकायला."

ती राहेलबाई, वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावातली नर्स. खांद्याला लसीचा डबा होता. तिनं डबा ठेवला, मी कासरा टाकला, दोघींनी कौसाला पायऱ्यांशी ओढलं. कौसा कुडकुडत बसली, तर राहेलबाई मला म्हणाली, "हां, आता भांड."

मी मनातलं सगळं बोलले. कौसा रडायला लागली. राहेलबाईनं तिला स्वतःचा पदर दिला आणि वर सुनावलं, "पाण्यातून काढलं म्हणून तुझं खोटं धुऊन न्हाई निघालं. उद्या त्या पाहुण्यांकडं जायचं. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. कौसा तिथं खरं बोलली. पण मुलाचं दुसरीकडं जमलं होतं. माझ्या पोरीचं लग्न पुढं तीन वर्षांनी झालं.

राहेलबाई ख्रिस्ती होती. बाळंतपणात लेकरू रडेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. ते रडलं की ही हसायची. म्हणायची, "याचं रडणं म्हंजी आपलं हसणं." दुपारी उपकेंद्राच्या पायरीवर बायबल वाचायची. मी चौथीच शिकलेले, म्हणून मला गोष्टी सांगायची. एकदा योनाची सांगितली. एका शहराचा नाश होणार, हे सांगायला देवानं त्याला धाडलं. लोक पस्तावले, देवानं माफ केलं, म्हणून योना रुसून बसला. शेवटी देव त्यालाच विचारतो, एवढ्या माणसांची, गुराढोरांची मला कीव येऊ नये का?

"मंग तो काय म्हणला?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं न्हाई."

"अर्धवटच गोष्ट सांगून राह्यली तू."

ती हसली. "अर्धवटच हाय. कौसाला च्या पाजला का कधी?"

"न्हाई."

"बरं," म्हणाली आणि पान उलटलं.

गेल्या वर्षी राहेलबाई वारली. मातीला मी गेले, कौसाही आली. दोघींनी मूठमूठ माती टाकली. येताना उन्हात कौसा फार दमली, म्हणून माझ्या ओसरीवर बसवली आणि चहा ठेवला. आम्ही दोघी तो प्यायलो.

राहेलबाई गेली. कौसा आहे. मी आहे.