वन्स मोर एकदाच

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मला नाचगाण्याचे सिनेमे आवडत नाहीत. तरी त्यांच्या शेवटच्या वर्षात आम्ही दोघांनी एकच जुना हॉलिवूडचा सिनेमा कितीदा पाहिला असेल, देव जाणे. बाबांना करमावं म्हणून भावाने तो टीव्हीवर लावून दिला आणि स्वतः दुबईला निघून गेला. मी साखळी शहरातली नोकरी सोडून घरी बसले. करमणूक त्याची, राबणूक माझी.

गोव्यात लाटंबार्शाच्या आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं खाणीवर ट्रक चालवला. कपड्यांतली लाल धूळ आई धूत राहिली, छातीतली कोण धुणार? न्हाणीपर्यंत चाललं तरी त्यांचा जीव घाबरा व्हायचा. आणि समोर काळ्या टोपीतला नायक बूट आपटत जिना चढायचा, गात गात उतरायचा, नायिका रुसली की टेबलावर उडी मारायचा.

"तेंका दम कसो लागना गे बाय?" बाबा विचारत.

"पगार मिळतो त्यांना," मी म्हणायची. त्या माणसाचा मला मनापासून राग यायचा. काय हा श्वास उधळायचा माज!

बाबांना मात्र हेवा नव्हता. ते जत्रेच्या नाटकात गाणारे. पद रंगलं की मांडवातून 'वन्स मोर' येतं आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून नायकाचं गाणं संपलं की ते नाकातली नळी सावरत ओरडायचे, "वन्स मोर!" मी मुकाट्याने गाणं मागे न्यायची. दुसऱ्या खेपेला न्यायला गेले तर मात्र हात अडवायचे, नाटक पुढे जायला हवं म्हणून.

"वन्स मोर एकदांच घेवचो. दुसरे फावटी तो लोभ. नाटक फुडें वचूंक जाय."

पावसाळा सरता सरता त्यांना न्युमोनिया झाला. म्हापशाच्या इस्पितळात घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. त्यातून ते घरी आले, पण आवाज राहिला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी सिनेमा लावायला लावला. गाणं संपलं तेव्हा ओरडता येईना, म्हणून एक बोट वर केलं. मला हसू आलं आणि रडूही. मी गाणं मागे नेलं.

काजू मोहरायच्या दिवसांत पुन्हा तेच दुखणं, पुन्हा तोच वॉर्ड. डॉक्टरांनी विचारलं, परत नळी घालायची का? घातली तर निघेलच असं नाही. फोनवर भाऊ रडत होता, "घाला, घाला!" बाबा शुद्धीवर होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि आमच्या खुणेचं बोट त्यांच्यापुढे वर केलं.

"बाबा, आनी एक फावट?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझं बोट धरलं आणि हळूच खाली वाकवलं.

डॉक्टरांना मीच 'नको' म्हणून सांगितलं. भावाला अजून वाटतं, मी लवकर हात टेकले. त्याला सिनेमा फक्त लावून देणं ठाऊक. त्याने तो बाबांबरोबर पाहिला नव्हता.